सांबर सुरक्षा : देशोदेशींची धोरणं

माझ्या भाषणाला माणसं झोपतात, हा माझा जुना लौकिक आहे. शेलूबाजारच्या कॉलेजात मी कम्प्युटर शिकवते. माझ्या तासाला मागच्या बाकांवरून असं घोरणं उठतं की हायवेवरचे ट्रकवाले पुढं चढ आहे समजून गिअर बदलतात. आवाजाचा मात्र दोष नाही. आमच्या गावच्या जीपचा हॉर्न बिघडला की ड्रायव्हर मला पुढच्या सीटवर बसवतो आणि वळण आलं की म्हणतो, "बाई, बोला काहीतरी."

पण एकदा माझ्या भाषणानं रक्त काढलं. डोकी फुटली, एक हात मोडला, आणि खुर्च्या किती गेल्या ते मंडपवाला अजून मोजतोच आहे. विषय काय होता, तर राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण, देशोदेशींची तुलना. या विषयावर जगात कुठं कोणी काठी उचलल्याचं ऐकलं आहे का? मोठमोठ्या शहरांत थंड हॉलमध्ये या विषयावर परिषदा होतात आणि लोक काजू खाऊन घरी जातात. त्यावर रक्त सांडायला आमचंच गाव लागलं.

आमच्या वस्तीत वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन असतं आणि रविवारी एखादं व्याख्यान. विहार समितीचा सचिव नात्यानं माझा चुलतभाऊ. मी नुकताच पत्राद्वारे सायबर सुरक्षेचा एक अभ्यासक्रम केला होता. त्यात कोणता देश आपले कम्प्युटर, बँका, विजेच्या तारा, रुग्णालयं शत्रूपासून कशी राखतो, यावर हा एवढा जाडा निबंध लिहिला होता. तो कोणीच वाचला नव्हता. तपासणाऱ्यानंही नसावा, कारण मार्क फार चांगले मिळाले. भावानं "एक रविवार घेशील का" एवढं विचारायचा अवकाश, मी होकार देऊन मोकळी झाले.

भावानं विषय फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितला, तोही चालत्या मोटारसायकलवरून. फ्लेक्सवाल्याला वाऱ्यातून जे ऐकू आलं ते त्यानं छापलं. रविवारी सकाळी बसस्टँडवर फ्लेक्स लागला: "सांबर सुरक्षा : देशोदेशींची धोरणं." एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला शिंगं उगारलेलं सांबर. दोघांत सांबर दिसायला उजवं होतं.

भाव चढले की आमच्याकडं सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, सोन्यासारखं जपतात. त्यामुळं दोन-तीन बायांनी फ्लेक्स वाचून "बरं झालं, सांबाराचं कोनी तरी मनावर घेतलं" असं म्हटलं. पण बाकी गावाला हसू आलं नाही. त्या वर्षी हसायची कोणाची हिंमत नव्हती.

त्या वर्षी डुकरं आली होती. रानडुकरं आमच्याकडं दरवर्षी येतात, पण त्या वर्षी आली ती फौज होती. शेंगा धरलेलं सोयाबीन ती खात नसत, नांगरत. सकाळी वावरात जावं तर रात्री कोणी ट्रॅक्टर फिरवून गेल्यासारखं. एका म्हातारीची बकरी दावणीला बांधलेली होती, सकाळी दाव्याला नुसता गळा. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, भरदिवसा तुरीत शिरले तर आतून एक धूड निघालं आणि त्यांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उसवून गेलं. रेड्याएवढं होतं, असं मोठेबाबा पहिल्या दिवशी म्हणाले. टाके निघेपर्यंत ते हत्तीएवढं झालं. टाके खरे होते मात्र. ते मी मोजले नाहीत, बघवत नव्हते.

टाके निघाले त्या दिवशी मोठेबाबांनी तारेचं भेंडोळं आणलं आणि अंगणात टाकलं. कशाला, ते विचारायची गरज नव्हती. खांबावरच्या लाइनवर आकडा टाकायचा, तार धुऱ्यानं फिरवायची, करंट सोडायचा. दोन कोसांवरच्या गावात अशा तारेनं एक माणूस जळून गेला होता. त्याला उचलायला गेलेला त्याचा भाऊही गेला. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, मोठेबाबांनाही.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. मोठेबाबांच्या धुऱ्यापलीकडं जो धुरकरी, त्याच्याशी त्यांचं चाळीस वर्षांचं वैर. दरवर्षी नांगरताना हा बोटभर धुरा खाणार, पुढच्या वर्षी तो बोटभर खाणार. खाता खाता धुरा एवढा बारीक झाला की त्यावरून मुंग्यासुद्धा एका ओळीत जातात. धुरकरी दुसऱ्या आळीचा, जास्त वावरवाला, राहायलाही वावरातच घर बांधून. भांडण जातीचं नाही, असं दोघंही शपथेवर सांगत. भांडण बोटभर मातीचं. जात त्यात फक्त शिव्यांना चव आणायला यायची.

आणि याच धुऱ्यावरून माझी माय रोज दिवस मावळता विळा घेऊन शेळ्यांसाठी गवत कापायला जायची. अनवाणी. पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतते म्हणून.

रविवारी सकाळी माय मला म्हणाली, "तो आज सांजीले तार लावून राह्यला."

"मग तू जाऊ नको आज."

"आज नाई गेली, उद्या नाई गेली. शेळ्याईले काय तुह्या कम्प्युटरातून चारू? तू त्याले सांग. तू शिकेल हायेस, तुहं ऐकते तो."

मोठेबाबांनी आजवर माझं एकदाच ऐकलं होतं, मी जन्मले तेव्हा, आणि तेही मी फार मोठ्यानं रडले म्हणून. पण मी मायला हो म्हटलं.

मंडप विहारासमोर, लोखंडी पाइपांचा. सकाळी पाऊस येऊन गेल्यानं खाली रबडी, म्हणजे घोटाभर चिखल. भोंगा आणि पंखा चालावा म्हणून भावानं खांबावर आकडा टाकला होता. मी स्टेजवर चढले आणि पाहिलं तर गर्दी मंडपाबाहेर, रस्त्यावर, झाडावर. आमची वस्ती तर होतीच, पण दुसऱ्या आळ्यांतले, शेजारच्या गावांतले, कुंपणाच्या तारेला हलका करंट देणारं झटका मशीन विकणारा शेलूबाजारचा दुकानदार, आणि पहिल्या रांगेत एका टोकाला मोठेबाबा, दुसऱ्या टोकाला धुरकरी. दोघांच्या हातात काठ्या. मला वाटलं, विषयाची केवढी गोडी.

मी सुरुवात केली. "शत्रू दिसत नाही. तो रात्री येतो. कुंपणाचं एक भोक शोधतो, आत शिरतो, आणि आपल्याला कळतं तेव्हा सगळी नासधूस झालेली असते."

"बराबर," मागून कोणी तरी म्हणालं.

माझ्या भाषणात आजवर कोणी 'बराबर' म्हटलं नव्हतं. मी फुलले. "त्याला एकदा वाट सापडली की तो आपल्या भाऊबंदांनाही घेऊन येतो."

"पिल्लाईसकट," एक बाई म्हणाली.

मग एक म्हातारा उठला. "बाई, तेवढं सांगून द्या. हे डुकराचं चालू हाये का रोह्याचं?"

रोही म्हणजे नीलगाय. मी मागं वळले. बसस्टँडवरचाच फ्लेक्स स्टेजमागंही लावला होता, आणि मी तो पहिल्यांदाच पाहत होते. सांबर माझ्याकडं बघत होतं. मग समोर पाहिलं, मोठेबाबांच्या मांडीवरच्या पट्टीकडं, आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मी खोटं बोलले नाही. फक्त दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "दोघांचंही. आता कोणता देश काय करतो ते ऐका."

आधी चीन घेतला. "चीननं देशाभोवती भिंत घातली आहे. आत काय यायचं आणि बाहेर काय जायचं ते दारावरचा माणूस ठरवतो. शत्रू येत नाही, पण आतला माणूस काय बोलतो, कोणाशी बोलतो, तेही लिहून घेतात."

पहिल्या रांगेतली एक आजी शेजारणीला म्हणाली, "म्हंजे सासरच."

मंडप हसला. मी जोरात होते. अमेरिका काढली. "अमेरिकेचं म्हणणं वेगळं. शत्रू आपल्या दारात येईपर्यंत वाट बघायची नाही. तो जिथं लपतो तिथं आधीच जाऊन बसायचं आणि तिथंच त्याचे हातपाय मोडायचे."

मोठेबाबा उठले. टाक्यांच्या पायावर, काठी टेकवून. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं.

"आयकलं?" ते साऱ्या मंडपाला म्हणाले. "अमेरिका करंट लावते."

"मी करंट म्हणाले नाही, मोठेबाबा."

"म्हनायची गरज नाई. मोठा देश हाये. इशाऱ्यानं समजून घ्या लागते."

ज्याला थांबवायला आले त्यालाच मी अमेरिकेचा शिक्का मारून दिला होता. मी घाईनं म्हटलं, "पण अमेरिकेचं पुढंही ऐका. ज्या हत्यारानं ती दुसऱ्याच्या घरात शिरते, तसलं हत्यार तिच्याकडून चोरीला गेलं. ते जगभर फिरलं आणि परक्या देशांतली रुग्णालयं बंद पाडून आलं. हत्याराला धुरा कळत नाही. डुकरासाठी लावलेली गोष्ट माणसालाही लागते."

"चोरीले गेलं ते राखणदाराची चूक," मोठेबाबा म्हणाले आणि बसले.

मग मी युरोप सांगितला. तिथं नवा कायदा असा की कुंपण बनवून विकणाऱ्यालाच धरायचं. भोक ठेवून माल विकला तर दंड त्याला, आणि पुढची काही वर्षं दुरुस्तीही त्यानंच करून द्यायची.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. मंडपातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. झटका मशीनवाला दुकानदार आपली माहितीपत्रकं हळूच पिशवीत भरत होता. त्याच्या मशीनचा झटका त्या वर्षी डुकरांना गुदगुल्यांसारखा लागत होता. कोणी म्हणत, डुकरं मुद्दाम पाठ घासायला येतात.

"युरोपात असता तर?" एकानं विचारलं.

"भाऊ, मी फक्त विकतो, बनवनारा वेगळाच हाये," तो म्हणाला आणि पहिली चपराक बसली. आवाज असा आला की विहाराच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि त्यातली काही अजून परतली नाहीत. दुसरी चपराक कोणाची ते कळलं नाही. तिसरी त्याच्या शेजारी बसलेल्या निरपराध माणसाला लागली आणि त्यानं ती चौथ्याला परत केली.

माणसं आवरून भावानं सगळ्यांना बसवलं. दुकानदाराचं नाक गळत होतं, पण तोही बसला. पुढं कोणता देश येतो ते त्यालाही ऐकायचं होतं.

मी आपल्या देशावर आले. "आपल्याकडं नियम असा की कोणी आत घुसलं तर काही तासांत सरकारला कळवायचं."

मंडप असा हसला की पंख्याचा वारा उलटा फिरला. "कळवतो ना," एकजण म्हणाला. "कळवलं का मानूस पंचनाम्याले येते, तवर डुकराचे नातू वावरात खेयून राह्यले असते."

"माणसं कळवतच नाहीत," मी म्हटलं. "सगळ्या देशांचं हेच रडगाणं आहे. आपल्या कुंपणाला भोक आहे, हे कंपनी लपवते, बँक लपवते, सरकारी ऑफिस लपवतं. अब्रू जाते म्हणतात." मग मी माझा हुकमी एक्का काढला. "आता एस्टोनिया ऐका. आपल्या वऱ्हाडाएवढा देश. शेजारी दांडगा. एकदा असा मार खाल्ला की बँका, पेपर, सरकार, सगळं एकाच वेळी बंद. त्यांनी भिंत नाही बांधली. त्यांनी गावोगावची माणसं उभी केली. नोकरी करून, शेती करून, उरलेल्या वेळात पाळीनं राखण करणारी. आणि आपल्या सगळ्या कागदांची एक नक्कल दुसऱ्या मित्रदेशात नेऊन ठेवली."

"म्हंजे सातबारा मामाच्या घरी," आजी म्हणाली.

"तसंच. तर आपणही तसंच करू. तार नको, करंट नको. धुऱ्यावर एक मचाण बांधू, दोन्ही बाजूचे पाळीनं बसतील. मोठेबाबा एक दिवस, पलीकडचे दुसऱ्या दिवशी."

पलीकडचे म्हणजे धुरकरी. तो इतका वेळ गप्प होता. आता तो बसूनच म्हणाला, "याले राखनीले बसवू? एका रातीत धुरा पोटात घालून टाकीन हा."

"धुरा माहा हाये," मोठेबाबा म्हणाले.

"तुह्या बापानं कोरून कोरून केला तुहा."

"माह्या बापाचं नाव तोंडात घेऊ नको. आज सांजीले करंट चालू करतो. पाय ठेवून पाह्य मंग धुऱ्यावर."

"माह्या धुऱ्यावर करंट लावतं, लेका?"

आणि काठी उठली. आधी कोणाची, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. मी स्टेजवरून पाहत होते आणि मलाही सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात एक खुर्ची माझ्या कानाजवळून गेली. पुढचं जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे पुराला ओलावा म्हणणं. दोघांचं भांडण दोन आळ्यांचं झालं आणि लगेच सगळ्यांचं. ज्याला ज्याचा राग होता त्यानं तो त्या दिवशी वळता केला. सासऱ्यानं जावई झोडला. एका भल्या माणसाला सोडवासोडवी करताना दोन्ही बाजूंनी मार बसला. शेवटी त्यानं चिडून आजीच्या हातातली काठी घेतली आणि तो तिसरा पक्ष झाला. भावाच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि तो माइकवर ओरडत होता, "उपासक हो, शांतता," आणि प्रत्येक शांततेला एक काठी पडत होती. मी घसा फोडून ओरडत होते. माझ्या आवाजानं ट्रक थांबतात, पण त्या दिवशी एक काठी थांबली नाही.

मोठेबाबांनी धुरकऱ्याच्या हातातली काठी उडवली. धुरकरी मागं सरकला, दुसरं हत्यार शोधायला, आणि त्यानं मंडपाचा कोपऱ्यातला पाइप उपटायला धरला. पाइपवर भावाच्या आकड्याची वायर गुंडाळलेली होती. खुर्च्यांच्या झटापटीत ती कुठंतरी सोलली होती. खाली चिखल.

पाइप धरला आणि धुरकरी तिथंच राहिला. तोंड उघडं, आवाज नाही. आम्हाला वाटलं, जोर लावतोय. त्याचे दात दिसत होते, हसत असल्यासारखे, आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या. मोठेबाबांची काठी वर उगारलेली होती. ते त्याच्या डोळ्यांत बघत होते. मग धुरकऱ्याच्या हातातून वास यायला लागला.

मोठेबाबांनी काठी हाणली. डोक्यावर नाही, मनगटाच्या वर, पूर्ण ताकदीनं. तेंदूची वाळकी काठी. हाड मोडल्याचा आवाज भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकला. हात पाइपपासून सुटला आणि धुरकरी चिखलात पडला. भावानं आकडा ओढला. भोंगा गप्प झाला, आणि मंडपातली सगळी माणसं जिथं होती तिथं उभी राहिली, उगारलेल्या काठ्या उगारलेल्याच.

मोठेबाबा बाजूला गेले आणि ओकले.

टेंपोतून मंगरूळच्या दवाखान्यात नेताना धुरकऱ्याचं डोकं कोणाच्या मांडीवर होतं ते आठवत नाही, पण पाय मोठेबाबांच्या मांडीवर होते, त्याच फाटलेल्या मांडीवर. वाटभर ते एकच बोलले. "मले माहीत नोतं असं रायते म्हून. मले वाटे डुक्कर एका झटक्यात मरते." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तार नाई लावत."

मला वाटलं, संपलं. चीन, अमेरिका, युरोप एकीकडं आणि तेंदूची काठी एकीकडं. माय वाचली.

दवाखान्यात एक पोलीस आला. धुरकऱ्याच्या काळवंडलेल्या बोटांकडं आणि लोंबत्या हाताकडं बघून त्यानं विचारलं, "कोणी मारलं?"

"करंटनं," धुरकरी म्हणाला.

"करंट काठीनं मारते काय?"

"आमच्या गावात मारते, सायेब."

पोलीस गेला. डॉक्टरांनी हाड बसवायला भुलीचं इंजेक्शन दिलं. आम्ही दाराशी उभे. धुरकऱ्यानं चांगल्या हातानं मोठेबाबांना जवळ बोलावलं. मोठेबाबा गेले, सावधच, शिवी येईल या तयारीनं. धुरकऱ्याची जीभ जड झाली होती.

"मीनंबी लावली हाये," तो म्हणाला. "तार. तुरीतून काढेल हाये, धुऱ्याच्या कडेकडेनं. कालच. दिवस बुडाला का बटन दाबाचं, असं बायकोले सांगेल हाये."

"तुह्या मायले," मोठेबाबा म्हणाले.

"बटन दाराजवळच्या देवळीत हाये. तिले सांग. लवकर सांग."

आणि भूल चढली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन पिवळं पडलं होतं. मी घरी फोन लावला. भावजय म्हणाली, "माय तं मघाच गेल्या विळा घेऊन. मोठेबाबा तं दवाखान्यात, आज तार नाई लागत म्हून खुशीत गेल्या." मी म्हटलं, पळ, तिला थांबव. ती पळालीही, पण वावर लांब, वाटेत नाल्याला पाणी. जवळ होतं ते एकच घर, धुरकऱ्याचं, धुऱ्याला लागून. मोठेबाबांनी धुरकऱ्याच्या खिशातला त्याचाच फोन काढला आणि त्याच्या बायकोला लावला. चाळीस वर्षांत या घरातून त्या घरात एक शब्द गेला नव्हता, शिव्या सोडून.

"बटन दाबू नको," मोठेबाबा म्हणाले.

"कोन बोलून राह्यलं?"

त्यांनी सांगितलं कोण. मग ती जी सुटली ते मी इथं लिहू शकत नाही, कागद पेटेल. "माह्या नवऱ्याचा हात तोडला, त्याचा फोन चोरला, आन आता मलेच सांगतं बटन दाबू नको? तुमचे बैल सोडाचे असतील आमच्या तुरीत. देवा मालकाले फोन."

"त्याले भूल देल्ली हाये."

"मंग शुद्धीवर आल्यावर बोलीन. तवर मी मालकाचं आयकीन."

मी फोन घेतला. सांगितलं, माझी माय तिथं धुऱ्यावर आहे, अनवाणी. ती म्हणाली, "तुमीच ना वो भाशन देनारी? तुमच्याच भाशनानं झालं हे. तुमी तं काईही बोलान." अभ्यासक्रमात मी पानंच्या पानं लिहिली होती, समोरचा खरंच तोच आहे हे कसं ओळखावं, परवलीचा शब्द कसा असावा, यावर. तिच्यासमोर त्यातलं एक अक्षर चालत नव्हतं. "देवळीत आहे बटण," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."

"देवळी तं रस्त्यानं जानाऱ्यालेबी दिसते," ती म्हणाली. "आन दिवस बुडून राह्यला. ठेवतो मी."

मोठेबाबांनी फोन माझ्या हातातून हिसकला.

"आयक," ते म्हणाले. "तुहा नवरा रोज सकाळी वावरात येते. कोनी नाई असं पाहून एका तुरीच्या झाडाजवळ उभा रायते. धुऱ्याजवळचं, सगळ्याईत उंच. आन त्या झाडाले तुहं नाव घेऊन म्हन्ते, 'आज तं हास एक डाव.' मंग बिडी पेटवते. चाळीस वर्सं पाहून राह्यलो मी. तुरीचं झाड बदलते, नाव तेच रायते."

मी खिडकीबाहेरचं उरलेलं ऊन बघत होते.

"काय नाव घेते?" तिनं विचारलं.

मोठेबाबांनी सांगितलं. बायकोचं रोजचं नाव नव्हतं ते. तिच्या माहेरचं, लाडाचं, लग्नाच्या आधीचं काही तरी. ते सांगताना मोठेबाबांनाच लाज वाटली आणि त्यांनी माझ्याकडं पाठ केली.

फोनमधून पावलं ऐकू आली. काहीतरी भांडं लवंडलं. मग तारा ओढून तोडल्यासारखा एक आवाज, आणि लांबून, धुऱ्याच्या बाजूला तोंड करून मारलेली तिची हाक, "अवो शेळीवाल्या बाई, उभ्या राहा तथीच. हालू नका." आणि त्याहून लांबून माझ्या मायचा आवाज, रोजचाच, कावलेला, "काहून वो? का झालं?"

मोठेबाबा फरशीवर बसले. फोन अजून कानालाच होता.

"तोडून टाकली," ती फोनवर परत येऊन म्हणाली. दम लागला होता तिला. "आता माह्या नवऱ्याचा हात काहून तोडला, ते बोला."